बोका म्हणजे काय

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर दाखवणारा पडदा एकाएकी काळा झाला, तेव्हा ताईचा नंबर अगदी तोंडावर आला होता. नर्सने तिच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले होते आणि समोरची भिंत, माणसं, कुंडीतलं झाड, सगळं पाण्यात बुडवल्यासारखं हलत होतं. वाचता येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ उमटली, आणि ती काय म्हणते आहे हे ताईला न वाचता कळलं. तिची लांबी, तिची जागा, उमटण्याआधीचा तो जरासा अडखळा. बोका जागा झाला. "बसा हो, बसा, बोका उठतोय," काउंटरवरची बाई म्हणाली, आणि बाकावरची माणसं हसली. शेजारचा माणूस आपल्या बायकोला सांगू लागला, "सगळ्या जगातले कॉम्प्युटर चालतात यावर. एका पोरानं केलंय, माहितेय? कॉलेजात होता. त्याच्याकडे एक बोका होता, म्हणून नाव बोका." बायको म्हणाली, "अगंबाई, एकट्यानं?" त्या शब्दासरशी ताईने मान वळवली. उठावं, त्या बाईला खांद्याला धरून हलवावं, असं तिला फार वाटलं. पण डोळ्यांत औषध घातलेली म्हातारी काहीही बोलली तरी लोक तिला पाणी आणून देतात. पडद्यावर नंबर परत आले. हाक झाली ती तिला ऐकू आली नाही, दुसऱ्यांदा मारावी लागली.

एकट्यानं. रिक्षात, मग जिन्यात, मग कुलपात किल्ली चाचपताना तो शब्द तिच्या जिभेवर कडू गोळीसारखा विरघळत राहिला. तिघं होती ती, तीन गावांतली, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती. एक होती चष्मा, जाड भिंगांवरून हे नाव पडलेली, शाळेत गणित शिकवणारी. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा कंपायलर तिने लिहिला, शाळा सुटल्यावर, पेपर तपासून झाल्यावर. एक मुद्रितशोधक होता. छापखान्यात लोकांच्या चुका शोधून कंटाळलेला. त्याने मजकूर लिहिण्या-खोडण्याचा प्रोग्रॅम केला. आणि ताई, विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खोलीत नोकरीला. तिने दारवान लिहिला, म्हणजे माणसाने कीबोर्डवर दिलेली आज्ञा ऐकून घेऊन ज्याच्या त्याच्याकडे पोचवणारा प्रोग्रॅम. आणि त्याच्या हाताखालची सारी बारीक माणसं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम. यादी करणारा, प्रत काढणारा, हलवणारा, शोधणारा, क्रम लावणारा. त्या काळी कंपन्यांचे प्रोग्रॅम कुलूपबंद पेटीसारखे यायचे. बिघडले तरी उघडता यायचे नाहीत. कुणालाही उघडता येईल, दुरुस्त करता येईल, वाटता येईल अशी सबंध व्यवस्था आपण उभी करायची, असं तिघांनी पत्रांतून ठरवलं आणि ज्याने त्याने आपला कोपरा धरला. प्रोग्रॅमच्या टेपा टपालाने यायच्या. चष्मा आपल्या टेपेभोवती नवऱ्याचे जुने पायमोजे गुंडाळायची, ताईकडे त्यांचा एवढा ढीग झाला होता की वहिनी, म्हणजे ताईची भावजय, एकदा म्हणाली होती, "वन्सं, कोण हो हा? पाय तरी बघायला आणा त्याचे."

दोन गोष्टी त्यांनी तेव्हा ठरवल्या, आणि दोन्ही पुढे त्यांच्याच मुळावर आल्या. पहिली, काम नीट झालं तर प्रोग्रॅमने तोंड उघडायचं नाही. चुकलं तरच बोलायचं. चष्माचं म्हणणं होतं की भांडी घासून झाली म्हणून कुणी घर डोक्यावर घेत नाही. म्हणून ताईने लिहिलेली माणसं मुकाट होती. सांगितलेलं करायची आणि बाजूला व्हायची. दुसरी गोष्ट नावाची. नावं सुचत होती, पत्रापत्रांतून भांडणंही झाली, तेव्हा मुद्रितशोधकाने लिहिलं की पुस्तक पुरं झाल्याशिवाय मुखपृष्ठ छापत नाहीत. सगळ्यांना पटलं. पुरं झालं की नाव. तोवर 'आपलं काम' एवढंच. आणि पुरं व्हायला गाभा तेवढा राहिला होता. स्मरणशक्ती, डिस्क, कीबोर्ड, पडदा यांच्याशी थेट बोलणारा, अगदी तळाचा भाग. तो अवघड होता आणि तिघांपैकी कुणाला नीट येत नव्हता. चष्माने दोनदा हात घातला, दोनदा सोडून दिला. बाकीचं घर उभं होतं, पण भाड्याच्या जमिनीवर, कंपन्यांच्या कुलूपबंद गाभ्यावर.

मग तो आला. वीसएक वर्षांचा, लांब बोटांचा, सदा हसरा. त्याने स्वतःपुरता एक गाभा लिहिला होता. यंत्राच्या गरम पाठीवर त्याचा बोका झोपायचा, त्याच्यावरून नाव दिलेलं. आणि तो सुरू झाला की पहिली ओळ म्हणायचा: बोका जागा झाला. गंमत म्हणून. ताईने स्वतः त्याला पत्र लिहून बोलावून घेतलं होतं, हे तिला कधी विसरता आलं नाही. तिच्याच खोलीत, तिच्याच यंत्रावर त्याने आपला गाभा बसवला, वर तिघांचं सगळं चढवलं, बटण दाबलं, आणि कित्येक वर्षांचं तुटक तुटक काम एका दमात चालू लागलं. चष्मा तेव्हा गाडीने आली होती. तिघं पहिल्यांदाच एका खोलीत होती आणि चौथा हा. चष्मा रडली. ताईने पोह्यांसारखं काहीतरी केलं असावं. काय खाल्लं ते आठवत नाही, पण बशा पुरल्या नव्हत्या हे आठवतं, आणि तो पोरगा पातेल्याच्या झाकणात खात होता. नावाचं बोलणं काढायचं ते त्या आनंदात राहूनच गेलं. पुढच्या रविवारी बोलू म्हणाले. त्या आठवड्यात त्याने आपल्या कॉलेजातल्या मित्रांना सगळ्याच्या प्रती वाटल्या. मित्रांनी बटण दाबलं. पडद्यावर एकच काय ते वाक्य दिसलं. बाकीचे सगळे आपापलं काम करून गप्प. मित्रांनी मित्रांना सांगितलं: बोका घे, बोका मस्त आहे.

"परत तेच," वहिनी म्हणाली. ताईने दवाखान्यातली हकिगत सांगितली होती आणि वहिनी तिच्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवत होती. "तुम्हाला डोळे तपासायला पाठवलं तर तुम्ही बोका बघून आलात. संपलं ना आता ते. किती वर्षं झाली." ताई म्हणाली, "तुमच्या हाताची भाजी कुणी शेजारणीच्या नावावर खपवली तर?" "खपवू दे. भांडी तिला घासायला लावीन," वहिनी म्हणाली. ती अशीच होती. ताईचा भाऊ गेल्यावर दोघी एकत्र राहू लागल्या, तेव्हापासून वहिनीने घरातला प्रत्येक राग असा ओल्या फडक्याने पुसत आणला होता. ताईचा हा एक काही निघत नव्हता. जाऊ दे, हे दोन शब्द चष्माला यायचे, वहिनीला यायचे. ताईला ते तोंडात घोळवून पाहूनही कधी गिळता आले नाहीत.

संग्रहालयातली मुलगी आली ती त्याच आठवड्यात. नवं दालन उघडणार होतं. बोका ज्यावर पहिल्यांदा जागा झाला ते यंत्र तिथे मांडणार होते. यंत्र ताईकडेच होतं, पलंगाखाली, चादरीत गुंडाळलेलं. समारंभाला बोकेवाला स्वतः येणार, सगळ्यांसमोर यंत्र सुरू करणार, आणि त्याच्या हातची अक्षरं वर मोठ्या पडद्यावर दिसणार. "पण मॅडम, ते चालू करून ठेवणं आता कुणालाच येत नाही. सर म्हणाले, तुम्हाला येईल." बरोबर यंत्राशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर होता. ताईने भिंग घेऊन वाचला. 'बोका: संगणकाची संपूर्ण कार्यप्रणाली. एका विद्यार्थ्याने आपल्या खोलीत बसून घडवली.' ताईने विचारलं, "संपूर्ण म्हणजे?" "म्हणजे सगळी." "आणि कुणाच्या खोलीत?" मुलगी गोंधळली. ताईने मग तिला शांतपणे सांगितलं: गाभा कोणता, कंपायलर कोणता, दारवान कोणता, कोणी कुठे बसून लिहिला. मुलगी खरंच लक्ष देऊन ऐकत होती, वहीत लिहून घेत होती, आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, हे सगळं खरं असेल. पण पाटीपुढे माणूस थांबतो तो इतकासा वेळ. आणि लोक येणार ते बोका बघायला. आपण असं करू या का, 'एका विद्यार्थ्याने व इतरांनी'?" ताईने भिंग खाली ठेवलं. तोवरचा राग म्हणजे नुसता विस्तव होता. 'इतर' या शब्दाने त्यावर फुंकर घातली. चष्मा, इतर. तिचे ते पायमोजे, इतर.

चष्मा गेली तो दिवस तिला त्या रात्री पुन्हा सगळाच आठवला. इस्पितळातली ती लांबट खोली, औषधाचा आणि उकळलेल्या कपड्यांचा वास. पलंगाशेजारच्या यंत्राची वीज मध्येच गेली आणि आली, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर ती ओळ उमटली. चष्माने चष्मा काढलेला होता, तरी तिलाही ती न वाचता कळली. "बघ," ती म्हणाली, "माझ्याच जिवावर जागा झालाय मेला." आणि हसली. इतकं हसली की नर्स आली. तिचा कंपायलर नसता तर तो गाभा यंत्राला कळेल अशा रूपात उतरलाच नसता; त्या पोराने तो लिहिलाच होता तिच्या कंपायलरवर. "माझं एक सोड," चष्मा म्हणाली, "मला काही वाटत नाही गं. जाऊ दे." पण हसताना तिने ताईचं मनगट धरलं होतं ते सोडलं नव्हतं, आणि ताईच्या लेखी खरी ती मनगटावरची पकड होती, शब्द नव्हे. वर्तमानपत्रात निवृत्त गणित शिक्षिका असं आलं. मुद्रितशोधक त्याआधीच गेला होता. त्याचं तर तेवढंही आलं नाही. अंत्यविधीला बोकेवाला आला नव्हता. परदेशात कुठे सत्कार होता. त्याने ताईकडे फुलं पाठवली, मोठी, महाग, आणि वर चिठ्ठी: आपल्या सगळ्यांची लाडकी. ताईने ती फुलं पाण्यात न घालता गॅलरीत ठेवली आणि वाळताना रोज पाहिली.

सकाळी तिने त्याला फोन लावला. "ताई," तो म्हणाला, "आवाज अगदी तसाच आहे हो तुमचा. मला पातेल्याचं झाकण आठवलं."

"पाटी वाचलीस का?"

"कसली पाटी? अच्छा, ती. नाही बुवा. ती मुलं बघतात सगळं."

"त्यात लिहिलंय, संपूर्ण व्यवस्था तू केलीस."

"अहो, मी कधी म्हटलंय का असं? सांगा, एकदा तरी?"

"नाही म्हणालास. मग कोणी केलं तेही नाही म्हणालास."

"कुणी विचारलंच नाही हो," आणि तो हसला. तेच हसू. त्याच्या मनात खरोखरच काही नव्हतं, हे ताईला त्या हसण्यावरून पुन्हा एकदा कळलं, आणि तिला वाटलं, याने चोरी केली असती तर बरं झालं असतं. चोराला पकडता येतं. हा नुसता दारात उभा राहिला होता आणि लोक घर त्याचं धरून चालले होते.

"मी विचारते आता," ताई म्हणाली. "बोका म्हणजे काय?"

"म्हणजे? बोका म्हणजे बोका. लोक म्हणतात ते."

"तू लिहिलंस ते, का लोक म्हणतात ते?"

"ताई, आता या वयात कशाला आपण..."

"एकदाच सांग. परत नाही विचारणार."

तिकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. "बरं बाई. मी लिहिलं ते बोका. झालं समाधान?"

"झालं," ताई म्हणाली. तिने फोन ठेवला आणि वहिनीला हाक मारून पलंगाखालचं यंत्र ओढायला मदत मागितली.

दालनात ती दोन दिवस गेली. मुलगी तिला खुर्ची देई, चहा देई, आणि लांबून बघत राही. जुनं यंत्र उघडून, धूळ फुंकून, सर्किटच्या पट्ट्या पुसून ताईने ते उभं केलं. टेपांवरचं तिने केव्हाच फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलं होतं. एकीवर चष्माचं, एकीवर मुद्रितशोधकाचं, एकीवर स्वतःचं, एकीवर त्याचं. ती चारही चढवू शकत होती. हात आपसूक तिकडेच वळत होता, इतकी ती सवय जुनी. तिने फक्त त्याची चढवली. डिस्कवर दुसरं काहीएक ठेवलं नाही. यात खोटं तसूभरही नव्हतं. बोका म्हणजे काय ते त्याने सांगितलं होतं, आणि लोक बोका बघायला येणार होते. बटण दाबून पाहिलं. ओळ उमटली. मग काही नाही. गाभा जागा होऊन दारवानाची वाट बघत बसला. दारवान नाहीच असं तो सांगतही नव्हता. ते ताईने तेव्हाच त्याच्या लक्षात आणून दिलं होतं. पुढचं कुणी सापडलं नाही तर तुझा गाभा काय करतो रे? तो म्हणाला होता, असं कसं होईल ताई, तुम्ही असालच की. ताईने कीबोर्डवर सहज एक अक्षर दाबलं. ते पडद्यावर उमटलं. तेवढं गाभ्याला यायचं. उत्तर द्यायला आत कुणी नव्हतं. तिने बराच वेळ बोट ठेवून अक्षरं उमटू दिली. आपण नसलेलं घर खिडकीतून बघावं तसं तिला वाटलं, आणि त्यात भीतीही होती, गोडीही होती. "झालं मॅडम?" मुलीने विचारलं. "झालं. आता सरांनी येऊन बटण दाबायचं. तोवर कुणी हात लावू नका," ताई म्हणाली.

समारंभाला हॉल भरला होता. ताईला पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी मुलगी. वहिनी आली नव्हती, निघताना ताईच्या पदराची पिन लावत ती एवढंच म्हणाली होती, "वन्सं, चेहरा बरा दिसत नाही तुमचा. फार छान दिसतोय." बोकेवाला मंचावर आला. अंगाने सुटला होता, केस पांढरे, बोटं मात्र तशीच लांब. तो चांगलं बोलला. बोक्याची गोष्ट सांगितली, गरम पाठीची. लोक हसले. माझ्या हातून घडलं, असं म्हणाला. मग तो यंत्रापाशी बसला आणि त्याने बटण दाबलं. वरच्या मोठ्या पडद्यावर काळं झालं, जरासा अडखळा, आणि पांढरी ओळ आली. बोका जागा झाला. सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मागे कुणी शिट्टी वाजवली. ताई खालीच बसून होती आणि उभ्या माणसांच्या मधून तिला तो दिसत होता.

त्याने 'यादी' असं लिहिलं. अक्षरं वर मोठी मोठी उमटली. त्याने आज्ञा सोडली. काही झालं नाही. त्याने पुन्हा 'यादी' लिहिलं. मग 'प्रत'. मग 'शोध'. एकाखाली एक. लोकांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं; अक्षरं येत होती, म्हणजे यंत्र चालत होतं. जे ते फोन वर धरून फोटो काढत होतं. पण ताईला त्याचे खांदे दिसत होते. ते आधी वाकले, मग हळूहळू थांबले. हात कीबोर्डवरून उचलले गेले. आपण लिहीत होतो ते सगळे शब्द कुणाचे होते, हे एखाद्याला उमगल्याचं त्याच्या पाठीवरून दिसू शकतं असं ताईला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. या क्षणी आपल्याला कसंसं होईल, दया येईल, अशी भीती तिला आठवडाभर वाटत होती. तसं काही झालं नाही. तळपायापासून गार वाटत वर आलं. चष्मा, बघ, ती मनात म्हणाली.

तो वळला. पहिली रांग शोधत त्याची नजर तिच्यापाशी आली आणि थांबली. चेहऱ्यावरचं हसू लोकांसाठी तसंच ठेवून तो तिच्याकडे बघत होता. माइक त्याच्या हाताशीच होता. दोन वाक्यांचं काम होतं. तीन नावं आणि दोन वाक्यं. ताई उठली असती, तिन्ही फ्लॉप्या तिच्या पर्समध्येच होत्या. ती वाट बघत होती, खरंच बघत होती. त्याने एकदा माइककडे पाहिलं. मग तो परत कीबोर्डकडे वळला आणि वर पडद्यावर शेवटच्या ओळीखाली नवा शब्द उमटला. ताई.

लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. मुलगी तिच्या कानाशी वाकली. "मॅडम, ही पण आज्ञाच आहे का?"

"आहे."

"काय करते ती?"

"बरंच करायची," ताई म्हणाली.

"मग आता काही होत कसं नाहीये?"

पडद्यावर तोच शब्द पुन्हा उमटला, त्याच्याखाली पुन्हा. "आज नाही व्हायचं," ताई म्हणाली, आणि मांडीवरच्या पर्सची चेन लावून ती खुर्चीत नीट मागे टेकून बसली.